एकाच मॅकवर तीन गिट : टर्मिनलमध्ये एक आवृत्ती, एडिटरमध्ये दुसरीच

साबुदाणा

नमस्कार मंडळी. जुना इंटेल मॅक देऊन एम२ वाला मॅकबुक घेतला. मायग्रेशन असिस्टंटने जुन्यावरचं सगळं सामान होमब्रूसकट (टर्मिनलमधून सॉफ्टवेअर टाकायचं साधन) इकडे आणून टाकलं. नंतर मी इथे नव्याने होमब्रू टाकलं आणि त्यातून गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) घेतलं. टर्मिनलमध्ये काहीच तक्रार नाही. पण व्हीएस कोड या एडिटरमधून ब्रँच (कोडची वेगळी शाखा) बदलायला गेलं की हे येतं :

फेटल: अननोन स्टाइल 'झेडडिफ३' गिव्हन फॉर 'मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल'

रेपो (गिटने सांभाळलेलं प्रकल्पाचं फोल्डर) तीच, ब्रँच तीच, टर्मिनलमध्ये मात्र बिनबोभाट होतं. शिवाय मधूनच किचेनची (मॅकची पासवर्ड ठेवायची पेटी) खिडकी उघडते आणि लॅपटॉपचा पासवर्ड मागते. 'ऑलवेज अलाउ' दाबून झालंय, तरी पुन्हा हजर.

«व्हिच गिट» विचारलं तर /ऑप्ट/होमब्रू/बिन/गिट असं उत्तर येतं. म्हणजे बरोबरच आहे ना? मग एडिटर कुठलं गिट वापरतोय? आणि नको असलेली गिटं काढायची कशी?

(कमांडा नि पाथ देवनागरीत लिहिलेत, टाइप करताना अर्थात रोमनमध्ये.)

कट्टेकरी

सगळी उडव, एक ठेव. विषय संपला.

टर्मिनलतात्या

कट्टेकरी, संपत नाही, तिथेच सुरू होतो. मॅकवरचं /यूएसआर/बिन/गिट उडवताच येत नाही. २०१५ च्या एल कॅपिटनपासून सिस्टिम इंटिग्रिटी प्रोटेक्शन आहे, सुडो (ॲडमिनचे हक्क) लावलंत तरी ती फाइल हलत नाही. आणि हलवून तरी काय मिळणार? ते खरं गिट नव्हेच. हाक मारली की एक्सकोड-सिलेक्टने ठरवून दिलेल्या फोल्डरात, बहुतेक वेळा /लायब्ररी/डेव्हलपर/कमांडलाइनटूल्स मध्ये, जाऊन तिथलं गिट चालवायचं एवढंच त्या फाइलचं काम. मॅकओएस अपग्रेड केल्यावर लोक 'इनव्हॅलिड ॲक्टिव्ह डेव्हलपर पाथ' म्हणून ओरडत येतात ना, ते यामुळेच. फाइल जागेवर असते, तिच्या मागची टूल्स जागेवर नसतात. «एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल» केलं की प्रश्न मिटतो.

साबुदाणा, नुसतं «व्हिच गिट» पहिलं सापडेल तेवढंच सांगतं. «व्हिच -ए गिट» दे. मग प्रत्येकाला पूर्ण पाथ लिहून «व्हर्जन --बिल्ड-ऑप्शन्स» विचार. त्यात सीपीयूची एक ओळ असते, ती मुद्दाम बघ आणि इथे टाक.

साबुदाणा

धन्यवाद तात्या. हे घ्या :

/ऑप्ट/होमब्रू/बिन/गिट : २.४७.१, सीपीयू एआरएम६४
/यूएसआर/लोकल/बिन/गिट : २.३३.०, सीपीयू एक्स८६_६४
/यूएसआर/बिन/गिट : २.३९.५ (ॲपल गिट-१५४), सीपीयू एआरएम६४

मधलं कुठून आलं? मी तर टाकलेलं नाही.

टर्मिनलतात्या

जुन्या मॅकवर टाकलं होतंस की. इंटेल मॅकवर होमब्रू /यूएसआर/लोकल मध्ये बसतं, ॲपल सिलिकॉनवर /ऑप्ट/होमब्रू मध्ये. जागा वेगळ्या, त्यामुळे दुसरं टाकताना पहिल्याला धक्काही लागत नाही. आणि रोझेटा (इंटेलचे प्रोग्राम ॲपल सिलिकॉनवर चालवणारी सोय) असल्यामुळे इंटेलचं गिट तुझ्या एम२ वर मुकाट चालतं. ते चाललंच नसतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

आता एररकडे ये. झेडडिफ३ ही कॉन्फ्लिक्ट (दोन ब्रँच जोडताना एकमेकांशी न जुळणारे बदल) दाखवायची पद्धत गिट २.३५ मध्ये आली, जानेवारी २०२२. तुझं मधलं गिट २.३३, म्हणजे ऑगस्ट २०२१ चं. त्याला हा शब्दच माहीत नाही. तू तो कधीतरी «गिट कॉन्फिग --ग्लोबल» ने लिहिलास, तो गेला घरच्या फोल्डरातल्या .गिटकॉन्फिग मध्ये. आणि गिटं तीन असली तरी .गिटकॉन्फिग एकच आहे. तिघंही तीच फाइल वाचतात. नव्यासाठी लिहिलेलं जुन्याने वाचलं आणि ते मेलं.

गोम आहे ती इथे. एकाच मशिनवर पाच गिटं असली म्हणून ती आपसात भांडत नाहीत. भानगड होते ती कोण कोणाला हाक मारतंय आणि ज्याला हाक मारली ते कुठकुठल्या फाइली वाचतंय, यात. उडवायच्या आधी एवढं बघायचं.

व्हीएस कोडमध्ये आउटपुट पॅनेल उघड, यादीतून 'गिट' निवड. सुरुवातीच्या ओळींतच 'यूझिंग गिट अमुक फ्रॉम तमुक' असं लिहिलेलं असतं.

साबुदाणा

सापडलं! यूझिंग गिट "२.३३.०" फ्रॉम "/यूएसआर/लोकल/बिन/गिट". आणि सेटिंग्जमध्ये शोधलं तर «गिट.पाथ» म्हणून एक ओळ निघाली, त्यात हाच पाथ. जुन्या मशिनची सेटिंग्ज जशीच्या तशी आली त्यात हीपण आली.

ती ओळ काढली, एडिटर बंद करून उघडला, आता २.४७.१ दाखवतोय. ब्रँच बदलली, एरर नाही.

किचेनचं मात्र अजून चालूच आहे.

मोगरा

तात्या, हा धागा मॅकचा आहे हे दिसतंय, तरी घुसते. माझ्याकडे विंडोज. ऑफिसचा लॅपटॉप, सिस्टिम टीमने टाकलेलं जुनं गिट प्रोग्राम फाइल्समध्ये. ॲडमिन हक्क नाहीत म्हणून मी इन्स्टॉलरने फक्त माझ्यापुरतं नवं गिट टाकलं, ते ॲपडेटा\लोकल\प्रोग्राम्स\गिट मध्ये बसलं. पण कमांड प्रॉम्प्टवर अजून जुनंच येतं. पाथमध्ये (कमांडा कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्या यादीत) माझी ओळ सगळ्यात वर नेली, तरी तेच. पॉवरशेलमध्ये «व्हेअर गिट» म्हटलं तर काहीच उत्तर येत नाही, नुसता नवा प्रॉम्प्ट.

निवडुंग

मोगराताई, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पॉवरशेलमध्ये 'व्हेअर' हे 'व्हेअर-ऑब्जेक्ट'चं टोपणनाव आहे, ते फाइल शोधतच नाही. «व्हेअर.ईएक्सई गिट» असं पूर्ण नाव लिहा, किंवा «गेट-कमांड गिट -ऑल».

आणि पाथ : विंडोज आधी सिस्टिमचा पाथ घेतं, मग त्याला तुमचा यूजर पाथ मागून जोडतं. तुमच्या यादीत ओळ कितीही वर न्या, ती सिस्टिमच्या शेवटच्या ओळीच्याही मागेच राहणार. ॲडमिन हक्क नसलेल्यांना हा नियम फार छळतो. उपाय म्हणजे पॉवरशेलच्या प्रोफाइल फाइलमध्ये तुमचा फोल्डर पाथच्या पुढे जोडायचा. ते तेवढ्या शेलपुरतं चालतं. एडिटरमध्ये मात्र «गिट.पाथ»च द्यावा लागेल.

मोगरा

व्हेअर.ईएक्सई ने चार दाखवली! प्रोग्राम फाइल्सचं, माझं, एक सिगविनचं (विंडोजवर लिनक्ससारखी टूल्स देणारं), आणि एक कॉन्डाच्या (पायथन वगैरेची पॅकेजं टाकायचं साधन) फोल्डरातलं. व्हिज्युअल स्टुडिओ आणि गिटहब डेस्कटॉप पण आहेत, त्यांचीही वेगळी असतील का?

निवडुंग

असतात. पण ती पाथमध्ये स्वतःला घालत नाहीत, म्हणून व्हेअरला दिसत नाहीत. व्हिज्युअल स्टुडिओ आपलं गिट स्वतःच्या फोल्डरात 'टीम एक्सप्लोरर'च्या आत ठेवतो, गिटहब डेस्कटॉपही आपलंच वापरतं. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

सिगविनकडे मात्र लक्ष ठेवा. त्याचं घर वेगळं असतं, सिगविनच्या आतलं /होम. म्हणजे मॅकच्या नेमकं उलट : इथे .गिटकॉन्फिग पण दोन. एकात नाव-ईमेल ऑफिसचं, दुसऱ्यात काहीच नाही किंवा जुनं काही. कमिटवर भलतंच नाव दिसलं की समजायचं.

एक विचारतो. तुमचा लॅपटॉप डोमेनवर (ऑफिसच्या मध्यवर्ती नियंत्रणाखाली) आहे ना? «गिट कॉन्फिग --लिस्ट --शो-ओरिजिन» द्या आणि ग्लोबल फाइल कुठल्या ड्राइव्हवर दिसते ते सांगा.

मोगरा

एच: ड्राइव्ह! तो नेटवर्कवरचा आहे, घरून व्हीपीएन न लावता बसलं तर दिसत पण नाही.

निवडुंग

वाटलंच. होम नावाचं व्हेरिएबल दिलेलं नसलं की गिट फॉर विंडोज आधी होमड्राइव्ह आणि होमपाथ जोडून बघतं. बऱ्याच ऑफिसांत होमड्राइव्ह नेटवर्कवर नेलेला असतो. व्हीपीएन असताना एक .गिटकॉन्फिग, नसताना दुसरी, आणि माणूस म्हणतो गिटला वेड लागलंय. यूजर व्हेरिएबल्समध्ये होम = सी: वरचं तुमचं फोल्डर असं लिहा. त्याला ॲडमिन हक्क लागत नाहीत. .एसएसएच फोल्डर (सर्व्हरला ओळख पटवायच्या चाव्या यात असतात) आणि जुनी .गिटकॉन्फिग इकडे कॉपी करून घ्या, नाहीतर चाव्या सापडत नाहीत म्हणून दुसरा धागा काढाल.

कट्टेकरी

मी म्हणालो होतो. सगळी उडवा.

गवती_चहा

कट्टेकरी, सर्व्हरवर कुठे उडवू? तिथे मी पाहुणी.

आमच्या इन्स्टिट्यूटच्या क्लस्टरवर सेंटओएस ७ अजून चालू आहे, त्याचं गिट १.८.३.१. «गिट स्विच» म्हटलं तर 'इज नॉट अ गिट कमांड'. स्विच आणि रिस्टोअर २.२३ मध्ये आले, ऑगस्ट २०१९. म्हणून मी कॉन्डामधून नवं गिट घेतलं. कॉन्डाचं एन्व्हायर्नमेंट चालू असताना ते पाथमध्ये पुढे येतं, बंद केलं की जुनं. इथपर्यंत ठीक. पण कॉन्डाच्या गिटने आमच्याच अंतर्गत सर्व्हरवरून क्लोन करायला (रेपोची प्रत आणायला) गेलं की 'एसएसएल सर्टिफिकेट प्रॉब्लेम : अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट'. जुन्या गिटने तीच रेपो निमूट येते. म्हणजे नवं घेतलं की क्लोन नाही, जुनं घेतलं की स्विच नाही.

टर्मिनलतात्या

गवती चहा, कॉन्डा आपल्याबरोबर आपलीच प्रमाणपत्रांची गाठोडी आणतं. तुमच्या इन्स्टिट्यूटचं अंतर्गत प्रमाणपत्र ॲडमिनने सिस्टिमच्या यादीत घातलेलं आहे, जुनं गिट ती यादी बघतं. कॉन्डाचं बघत नाही. कोणीतरी सांगेल एचटीटीपी.एसएसएलव्हेरिफाय फॉल्स कर म्हणून, करू नका. त्या नव्या गिटला सिस्टिमची यादी दाखवा, «एचटीटीपी.एसएसएलसीएइन्फो» ने. सेंटओएसवर ती फाइल /ईटीसी/पीकेआय/टीएलएस/सर्ट्स/सीए-बंडल.सीआरटी.

आणि ही ओळ लिहायची कुठे, हे जास्त महत्त्वाचं. --ग्लोबल ने लिहिलीत तर सगळी गिटं वाचणार. तुमच्या बाबतीत बिघडत नाही, पण सवय वाईट. कॉन्डाचं एन्व्हायर्नमेंट चालू असताना «गिट कॉन्फिग --सिस्टिम» ने लिहा. हे सिस्टिम म्हणजे मशिनचं नव्हे, त्या त्या गिटचं. प्रत्येक इन्स्टॉलेशनची सिस्टिम फाइल वेगळी असते : उबुंटूच्या गिटची /ईटीसी/गिटकॉन्फिग, होमब्रूची /ऑप्ट/होमब्रू/ईटीसी/गिटकॉन्फिग, ॲपलची कमांडलाइनटूल्सच्या पोटात, कॉन्डाची कॉन्डाच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये. एखादी गोष्ट एकाच गिटला लागू करायची तर जागा हीच. साबुदाणाचं झेडडिफ३ तिथे असतं तर २.३३ ला त्याचा पत्ताही लागला नसता.

गवती_चहा

चाललं!! «--शो-ओरिजिन» लावून बघितलं, ओळ कॉन्डाच्या फोल्डरातली दाखवतंय. जुन्या गिटला हा पर्यायच कळत नाही, पण ते राहू दे.

टर्मिनलतात्या

शो-ओरिजिन २.८ मध्ये आलं. १.८ म्हणजे अंक सारखेच, तीनेक वर्षांचा संसार वेगळा.

मोगरा

होम बदलल्यावर सुतासारखं सरळ झालं, निवडुंग. पण नवा लोचा. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) मध्ये उबुंटू आहे, त्यातून /एमएनटी/सी खालची तीच रेपो उघडली तर «गिट स्टेटस» सगळ्या फाइली लाल दाखवतं. मी एकही उघडलेली नाही. त्याआधी 'डिटेक्टेड ड्यूबियस ओनरशिप' म्हणून पण आलं होतं, ते सेफ.डिरेक्टरी लिहून घालवलं.

निवडुंग

लाल होण्याची बहुधा दोन कारणं, दोन्ही एकदम असू शकतात. एक, ओळीचा शेवट. गिट फॉर विंडोजचा इन्स्टॉलर ऑटोसीआरएलएफ ट्रू करून ठेवतो, तेही स्वतःच्या सिस्टिम फाइलमध्ये (तात्या म्हणाले तेच). म्हणून चेकआउट करताना फाइलींत सीआरएलएफ (विंडोजची ओळ संपवायची खूण) येतं. डब्ल्यूएसएलच्या गिटला यातलं काही ठाऊक नाही, त्याला प्रत्येक ओळ बदललेली दिसते. दोन, परवानग्या. /एमएनटी/सी वरच्या फाइली लिनक्सला चालवता येण्यासारख्या दिसतात, म्हणून १००६४४ चं १००७५५ झालं असं डिफमध्ये येतं.

पहिल्यावर खरा इलाज म्हणजे रेपोतच .गिटअॅट्रिब्यूट्स फाइल ठेवून «* टेक्स्ट=ऑटो» लिहिणं. मग कुठल्या गिटची सिस्टिम फाइल काय म्हणते याला महत्त्व उरत नाही, आणि टीममधल्या बाकीच्यांचंही भलं होतं. दुसऱ्यासाठी त्या रेपोत कोर.फाइलमोड फॉल्स.

पण ताई, खरं सांगू? एक वर्किंग कॉपी दोन गिटांना वापरायला देऊच नका. इंडेक्स फाइलमध्ये गिट प्रत्येक फाइलची वेळ, आयनोड वगैरे टिपून ठेवतं. विंडोजचं आणि लिनक्सचं टिपण जुळत नाही, त्यामुळे इकडून तिकडे गेलं की सगळ्या फाइली पुन्हा तपासल्या जातात. मोठ्या रेपोत स्टेटसला चहा होऊन जातो. डब्ल्यूएसएलचं काम असेल तर लिनक्सच्या /होम मध्ये वेगळं क्लोन करा. व्हीएस कोड डब्ल्यूएसएलला जोडून उघडलात की तोही आतलंच गिट घेतो.

सेफ.डिरेक्टरीबद्दल : ती तपासणी एप्रिल २०२२ मध्ये, २.३५.२ पासून आली, सुरक्षेच्या कारणासाठी. फक्त त्या फोल्डरचं नाव लिहिलंत ना? तारा, म्हणजे *, लिहून सगळं मोकळं केलं असेल तर काढा.

मोगरा

*च लिहिला होता. काढते.

टर्मिनलतात्या

साबुदाणा, तुझं किचेन राहिलंच की. होमब्रूचं गिट आणि ॲपलचं गिट दोघंही ओएसएक्सकिचेन हाच हेल्पर वापरतात, पण प्रत्येकाची फाइल वेगळी. किचेन परवानगी देतं ती त्या विशिष्ट फाइलीला. एकाला 'ऑलवेज' म्हटलंस, मग दुसऱ्याने मागितलं, की पुन्हा खिडकी. तुझ्याकडे तर तिघं मागणारे. आता एडिटर आणि टर्मिनल एकाच गिटवर आलेत, त्यामुळे कमी व्हायला हवं. होमब्रूने गिट अपग्रेड केलं की मात्र एखादी खिडकी येते, तिचं वाईट वाटून घेऊ नकोस.

किचेन ॲक्सेसमध्ये गिटहबची जुनी नोंद दिसली तर काढून टाक. त्यात अजून पासवर्ड असेल तर तो १३ ऑगस्ट २०२१ पासून तसाही चालत नाही, टोकन लागतं.

आणि ते एक्स८६ चं, म्हणजे इंटेलचं, होमब्रू काढ आता. पण आधी «आर्च -एक्स८६_६४ /यूएसआर/लोकल/बिन/ब्रू लिस्ट» करून त्यात काय काय आहे ते बघून घे. एखादं पायथन तिथलंच चालू असायचं. यादी बघून हवं ते नव्या होमब्रूत टाक, मग होमब्रूच्या अनइन्स्टॉल स्क्रिप्टला /यूएसआर/लोकल हा पाथ देऊन चालव. /यूएसआर/लोकल हाताने साफ करू नकोस, तिथे इतरांचंही सामान असतं.

कट्टेकरी

म्हणजे शेवटी उडवायचंच ना?

टर्मिनलतात्या

एक. बघून. तुम्ही 'सगळी' म्हणाला होतात.

निवडुंग

तात्या, एका गोष्टीत माझं मत वेगळं. साबुदाणाने «गिट.पाथ»ची ओळ काढली ती बरं केलं, पण नवा पाथ पक्का लिहून ठेवायला काय हरकत होती? मी सगळीकडे पूर्ण पाथ लिहितो. पाथ व्हेरिएबलवर भरवसा नाही.

टर्मिनलतात्या

तो पूर्ण पाथ लिहिलेला होता म्हणूनच हा धागा निघाला, निवडुंग. मशिन बदललं, ओळ नाही बदलली. ॲडमिन हक्क नसलेल्या मोगराबाईंना दुसरा मार्ग नाही, तिथे लिहायचाच. पण जिथे पाथचा क्रम आपल्या हातात आहे तिथे तो नीट लावावा आणि बाकी सगळ्यांनी तिथून घ्यावं.

मॅकवर क्रम बिघडवणारा एक छुपा माणूस आहे, तोही सांगतो. /ईटीसी/झेडप्रोफाइल मधून पाथ_हेल्पर चालतो आणि सिस्टिमचे फोल्डर उचलून पुढे नेतो. तुम्ही .झेडएसएचएन्व्ह मध्ये पाथ लिहिला असेल तर तो आधी वाचला जातो आणि मग मागे ढकलला जातो. होमब्रूची «ब्रू शेलएन्व्ह» वाली ओळ .झेडप्रोफाइल मध्येच ठेवा, ती पाथ_हेल्परनंतर चालते. आणि क्रम बदलल्यावर चालू टर्मिनलमध्ये «रीहॅश» करा, बॅशमध्ये «हॅश -आर». नाहीतर शेल जुना पत्ता लक्षात ठेवून बसतो आणि व्हिच एक सांगतं, चालतं दुसरं.

निवडुंग

मान्य नाही, पण समजलं. सर्व्हरवरच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारा) मी पूर्ण पाथच लिहिणार.

टर्मिनलतात्या

क्रॉनमध्ये मीही लिहितो.

साबुदाणा

अपडेट. जुन्या होमब्रूच्या यादीत गिटशिवाय नोड आणि एक पोस्टग्रेस निघालं. पोस्टग्रेसमध्ये खरा डेटा होता, तो आधी डंप करून नव्यात घेतला. मग स्क्रिप्ट चालवली. «व्हिच -ए गिट» आता दोनच दाखवतं. किचेनने एकदा विचारलं, त्यानंतर शांत आहे.

एकच शंका उरली. रोज रात्री लाँचडीमधून (मॅकवर ठरल्या वेळी कामं चालवणारा) माझी एक स्क्रिप्ट नोट्सच्या रेपोत कमिट करते. तिच्या लॉगमध्ये मी गिटची आवृत्ती छापतो, तिथे अजून २.३९.५ येतंय, ॲपलवालं. आता तर कुठेच काही पक्कं लिहिलेलं नाही.

टर्मिनलतात्या

लाँचडी तुझं .झेडप्रोफाइल वाचत नाही. त्याला मिळणारा पाथ म्हणजे /यूएसआर/बिन, /बिन आणि दोन एसबिन. होमब्रू त्यात नाही. प्लिस्ट फाइलमध्ये एन्व्हायर्नमेंटव्हेरिएबल्स खाली पाथ लिही, किंवा स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत एक्सपोर्ट कर. स्क्रिप्ट नुसतं ॲड आणि कमिट करत असेल तर ॲपलचं गिटही पुरेसं आहे, २.३९ ला झेडडिफ३ कळतं. हुकची (कमिटसारख्या कामाच्या वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) काळजी करू नकोस : गिट हुक चालवताना आपला फोल्डर पाथच्या पुढे लावून देतं, त्यामुळे हुकमधलं गिट तेच असतं ज्याने हुक बोलावला.

साबुदाणा

मग राहू दे तसंच. नुसतं ॲड-कमिटच आहे.

गवती_चहा

साबुदाणा, धाग्याच्या शीर्षकात विंडोज आणि कॉन्डा पण टाकाल का? पुढच्याला शोधताना सापडेल.